आधी जाहीर केलेलं बक्षीस आणि नंतर दिलेली शाबासकी

नोटीस बोर्डावर दोन प्रशस्तिपत्रं शेजारीशेजारी लावलेली असतात. दोन्हींना सोनेरी कडा, दोन्हींवर प्लँट हेडची सही, दोन्ही एकाच कार्यक्रमात शाल-श्रीफळासह दिलेली. रोख रक्कम कशातच नाही. पहिलं ‘या महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’चं, त्याचे निकष एक तारखेलाच जाहीर झाले होते. दुसरं स्टोअरमधल्या एका कर्मचाऱ्याला मिळालं आणि नाव पुकारेपर्यंत त्याला त्याची कल्पनाही नव्हती. एचआरच्या फाइलीत मात्र दोन्हींची नोंद एकाच मथळ्याखाली होते. घोळ सुरू होतो तो इथेच.

पहिलं बक्षीस आहे: अट आधी, काम नंतर. दुसरी शाबासकी आहे: काम आधी झालं, कुणाच्या तरी नजरेत भरलं आणि मग त्याची दखल घेतली गेली. पैसे न देता माणसाची कदर करायची असेल, तर आपण यातलं नेमकं काय देतोय हे ठरवल्याशिवाय छपाईची ऑर्डर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत केलेला प्रयोग हा फरक सर्वांत स्वच्छ दाखवतो. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण आपणहून रंगांकडे वळतं, हे पाहिलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

ही झाली लहान मुलांची गोष्ट. कारखान्यात काय होतं? अमेरिकेतल्याच एका औद्योगिक लाँड्रीच्या पाच प्लँटपैकी एकात हजेरीची योजना आली. महिनाभर वेळेवर आलात, विनापरवानगी खाडा केला नाहीत, तर नाव सोडतीत आणि विजेत्याला गिफ्ट कार्ड. या योजनेचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना उशिराची सवय होती, ते त्या महिन्याच्या सोडतीत नाव जायची शक्यता शिल्लक असेपर्यंत वेळेवर येऊ लागले. पण ज्यांना कुणी न सांगता वर्षानुवर्षं वेळ पाळायची सवय होती, त्यांचंच काम मंदावलं आणि प्लँटचं एकूण उत्पादनही घटलं. जे ही माणसं मनापासून करत होती, त्याचीच सोडत काढली गेली. मला यातलं हे नुकसान सगळ्यात मोठं वाटतं, कारण अशी माणसं कुठल्याही खात्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात.

म्हणून बक्षीस वाईटच, असं नाही. झांबियाची राजधानी लुसाका इथे केशकर्तनालयांतल्या कारागिरांना गर्भनिरोधकं विकायचं काम दिलं होतं. त्यांच्यातल्या काहींच्या दुकानात एक तक्ता लावला आणि प्रत्येक विक्रीमागे त्यावर एक तारा उमटवायचा असं आधीच ठरलं. या गटाची विक्री इतरांच्या दुप्पट झाली, कमिशन मिळणाऱ्यांपेक्षाही जास्त. काम मोजता येण्यासारखं, लोकांच्या भल्याचं आणि तारे गिऱ्हाइकांना दिसणारे. अशा ठिकाणी बक्षीस जरूर लावावं.

पण रोजचं बरंचसं काम मोजता येत नाही. नवीन आलेल्या ट्रेनीला मशीन समजावून सांगणं, पुढच्या पाळीसाठी नोंदवही नीट भरून ठेवणं, बिघाड व्हायच्या आधी आवाज ओळखणं. याचे निकष एक तारखेला लावता येत नाहीत. इथे शाबासकीच हवी, आणि तिचा जीव मजकुरात असतो. ‘आपल्या उत्कृष्ट कार्याबद्दल’ हे वाक्य कुणालाही चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘रात्रपाळीत तीन नंबरच्या कॉम्प्रेसरचा आवाज बदललेला तुमच्या लक्षात आला, तुम्ही तो वेळीच बंद केला, त्यामुळे मोटर वाचली.’ हा कागद माणूस घरी नेऊन मुलांना वाचून दाखवतो. असा मजकूर एचआरला सुचणार नाही, तो सुपरवायझरनेच लिहायला हवा.

शाबासकी सगळ्यांना सारखी वाटून टाकली तर? जर्मनीत डेटा एंट्रीच्या तात्पुरत्या कामावर घेतलेल्या ३०० हून अधिक जणांवर हे तपासलं गेलं. मध्येच, कुठलीही पूर्वसूचना न देता, आभाराची कार्डं दिली. काही गटांत सगळ्यांना, काहींत फक्त सर्वांत चांगलं काम करणाऱ्यांना. दुसऱ्या प्रकारात परिणाम जास्त दिसला, आणि पुढे कामाचा वेग वाढवला तो मुख्यतः कार्ड न मिळालेल्यांनी. ‘गेल्या वर्षी पॅकिंगला झालं, यंदा मेंटेनन्सचा नंबर’ ही आपल्याकडची वाटणी म्हणूनच थांबवायला हवी.

हजेरीबाबत मात्र शाबासकीही जपून द्यावी. कॅलिफोर्नियातल्या शाळांत आधीच्या एका महिन्याच्या पूर्ण हजेरीबद्दल विद्यार्थ्यांना अचानक प्रशस्तिपत्रं दिली, तर पुढे गैरहजेरी कमी होण्याऐवजी वाढली. आपण इतरांपेक्षा आणि शाळेच्या अपेक्षेपेक्षाही जास्त येतोय, असा अर्थ मुलांनी त्यातून काढला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. तेव्हा रोज वेळेवर येणाऱ्या माणसाची पाठ थोपटताना दिवसांचा आकडा लिहू नका. ज्या दिवशी बस बंद होत्या आणि तरी त्यांच्यामुळे लाइन चालू राहिली, तो दिवस लिहा.