सरासरीच्या आतला अनुशेष

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या 2025 च्या अहवालात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून काढलेला भारताचा मानव विकास निर्देशांक 0.685 आहे, 193 देशांत क्रमांक 130. हे आकडे 2023 सालचे. त्याच अहवालाच्या आणखी एका तक्त्यात भारतासमोर 0.475 असाही आकडा आहे. देशातल्या देशात असलेली विषमता हिशेबात धरली की निर्देशांकाचा तीस टक्क्यांहून अधिक भाग गळून पडतो. बातम्यांमध्ये पहिला आकडा झळकतो, दुसरा क्वचितच. खरं तर दुसऱ्या आकड्यामागचा प्रश्न मराठवाड्याने फार आधी विचारला होता. विकासात मागे राहिलेल्या भागाचं जे देणं राहून गेलं, त्याला आपण अनुशेष म्हणत आलो.

1948 साली निजामाच्या राजवटीतून सुटलेला हा प्रदेश 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1953 च्या नागपूर कराराने न्याय्य वाट्याचा शब्द दिला होता. तो पाळला जात नाही, हे 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनाने ठणकावून सांगितलं. पुढे स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या माणसांनी हा विषय आकडेवारीनिशी लावून धरला. 1983 मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीच्या खाली असलेला जिल्हा सरासरीला आणायला किती खर्च येईल, हा या समितीचा हिशेब. 1984 च्या अहवालात राज्याचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटी. एका राज्याच्या आतली दरी इतक्या तपशिलाने मोजण्याचं हे काम मानव विकास निर्देशांकाच्या सहा वर्षं आधीचं आहे, याचा अभिमान वाटायलाच हवा.

निर्देशांक आला 1990 मध्ये. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांना दरडोई उत्पन्नाला टक्कर देईल असा एकच आकडा हवा होता. अमर्त्य सेन यांना माणसाचं जगणं एका आकड्यात कोंबणं सुरुवातीला पटलं नव्हतं, तरी त्यांनी साथ दिली. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र आले. पण तिन्ही सरासरीच, ही तक्रारही लगेच आली. नव्वदच्या दशकात फक्त उत्पन्नाच्या विषमतेची वजावट करून पाहिली गेली, पण ते अपुरं होतं.

उत्तराचं गणित मात्र 1970 पासून तयार होतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी विषमतेमुळे समाजाचं किती नुकसान होतं ते मोजायची रीत दिली होती. समजा, एक मुलगा 16 वर्षं शिकला आणि एका मुलीची शाळा चौथीनंतरच सुटली. सरासरी 10 वर्षं. पण 16 आणि 4 यांचा गुणाकार 64, त्याचं वर्गमूळ 8. म्हणजे विषमतेपोटी 20 टक्के वजा. दोघंही दहा-दहा वर्षं शिकले असते तर काहीच वजा झालं नसतं. फॉस्टर, लोपेझ-काल्वा आणि सेकेली यांनी 2005 मध्ये हा विचार मानव विकासाला लावला आणि 2010 पासून विषमता-समायोजित निर्देशांक अधिकृत अहवालात आला. ज्यांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही त्यांच्या शून्यामुळे सगळा गुणाकार शून्य होतो, म्हणून शिक्षणात प्रत्येकाला एक वर्ष वाढवून धरतात.

या मापाची मोठी उणीव अशी की आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न यांची माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. तिन्ही बाजूंनी मार खाणारं घर एकच आहे का, हे त्यातून दिसत नाही. मराठवाड्यात तर नेमकं तेच पाहायला हवं.

राज्याचा पहिला मानव विकास अहवाल 2002 चा. त्यात जिल्ह्यांची क्रमवारी लागली. 2006 मध्ये मागास तालुक्यांसाठी राज्याचं मानव विकास मिशन सुरू झालं, मुख्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत. आधी 12 जिल्ह्यांतले 25 तालुके, 2011 पासून 22 जिल्ह्यांतले 125. मुलींना शाळेत नेणाऱ्या मोफत बस, सायकली, गरोदर बायांची तपासणी शिबिरं ही त्याचीच कामं. प्रादेशिक असमतोल अभ्यासणाऱ्या विजय केळकर समितीनेही 2013 च्या अहवालात तालुका हाच घटक धरला. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वात मोलाची गोष्ट हीच: जिल्हा सोडून खाली उतरणं. वाळूज आणि शेंद्र्याचे कारखाने धरून काढलेली छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची सरासरी त्यातल्याच सोयगाव तालुक्याबद्दल काय सांगणार? 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्के आणि जालन्याची 72 च्या आसपास होती. ही दरी आपण मोठ्याने सांगतो. जालना शहर आणि भोकरदन-मंठ्याच्या वाड्या-तांड्यांमधली दरी तितक्या मोठ्याने सांगत नाही.

तालुक्याच्याही आत एक घर असतं. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आसपास बीड-धाराशिवच्या ऊसतोड टोळ्या निघतात, पोरं शाळेतून सुटतात, बाया आजार अंगावर काढतात. या भागातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये सरकारला चौकशी करावी लागली. शिक्षण, आरोग्य, उत्पन्न, तिन्ही एकाच उंबऱ्यावर तुटलेली. पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून होणार आहे आणि माणसांची मोजणी फेब्रुवारीत, ऐन गळीत हंगामात. त्या वेळी टोळ्या कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडांवर असतील. फडाजवळच्या ज्या कोपीत, म्हणजे झोपडीत, हे मजूर राहतात तिथे त्यांची नोंद झाली तर त्यांचं शिक्षण आणि स्थिती त्या जिल्ह्यांच्या खात्यात जाईल. झालीच नाही तर कुठेच नाही. मराठवाड्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि कार्यकर्त्यांनी फडांवरच्या मोजणीचा आणि मूळ गावाच्या नोंदीचा आग्रह आत्तापासून धरायला हवा.