फ्लेमिंगो बघायचेत? आधी तिथी बघा

ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला किती वाजता जावं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, त्या दिवशी तिथी कोणती? कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा; सकाळी एकदा, रात्री एकदा. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात थोडा मागेपुढे होतो, पण त्यामागचं गणित खरं आहे. चंद्राच्या मागे लागलेली भरती एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत 24 तासांचा उशीर पुरा करते. हे 24 तास 30 तिथींत वाटले की एका तिथीला 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. आकडेमोडीची साधनं नसताना काढलेला हा ठोकताळा एका तिथीमागे फक्त तीन मिनिटांनी चुकतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

ही वेळ का सांभाळायची? पूर्ण ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो, पक्षी त्यावर दूर पांगतात आणि उथळ पाण्यात होडी पुढे जात नाही. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. पाणी चढत असताना मात्र ते पक्ष्यांना हळूहळू काठाकडे ढकलतं. म्हणून मार्चमधल्या एका चतुर्दशीला आम्ही सकाळी साडेआठलाच ऐरोलीहून होडीत बसलो.

दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत. चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोकं वर आलेली असतात, ती तिवराची श्वसनमुळं. या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड ओहोटीच्या वेळात मुळांनी हवा घेतं. मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटून बघा, खारट लागतं. मुळांच्या मधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असूनही त्वचा ओली आहे तोवर ही निवटी पाण्याबाहेर मजेत राहते.

वळण घेतलं आणि समोर गुलाबी पट्टा दिसला. रोहित, अग्निपंख, फ्लेमिंगो. नावं तीन, पण इथे जाती दोन. मोठ्या रोहितचा रंग फिका आणि गुलाबी चोचीला काळं टोक. लहान रोहित जास्त गुलाबी, चोच गडद किरमिजी. ठाणे खाडीत मोठी गर्दी असते ती लहान रोहितची. मधूनमधून राखाडी पक्षी होते, ती गेल्या एक-दोन हंगामांतली पिल्लं. गुलाबी रंग जन्मजात नसतो, तो खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून हळूहळू चढतो.

खाण्याची पद्धत तर बघत राहावी अशी. रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, म्हणजे वरची चोच खाली येते. जाड, मांसल जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडेला बारीक कंगव्यासारख्या पट्ट्या असतात, त्यांत अन्न अडकतं. लहान रोहितची चाळणी इतकी बारीक, की सूक्ष्म शैवालसुद्धा गाळलं जातं. मोठ्याची चाळणी जाड. तो किडे, अळ्या, छोटे कवचधारी जीव खातो. एकाच चिखलावर दोघे जेवतात, पण ताटं वेगळी. चोच मधेच वाकलेली का, याचंही उत्तर इथेच आहे: सरळ चोच किंचित उघडली तर टोकाशी फट मोठी आणि मुळाशी अगदी लहान राहील, वाकडीची फट बऱ्याच लांबीभर सारखी राहते.

दहाच्या सुमाराला पाणी त्यांच्या पोटाला लागलं. आधी एक थवा उठला, मग दुसरा. पंखांखालचा काळा रंग आणि वरचा लाल एकदम उघडला आणि सगळे खाडीवरून दक्षिणेला, नेरुळच्या दिशेने वळले. होडी चालवणारे तांडेलकाका म्हणाले, "आता विसाव्याला चालले. पाणी उतरलं की येतील."

मला त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. 2015 साली ठाणे खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण नेरुळ-सीवूड्सकडच्या ज्या उथळ तळ्यांत हे पक्षी भरतीची वेळ काढतात, ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तळ्याला खाडीचं पाणी आत-बाहेर करणारी वाट लागते. ती बुजली की पाणी साचतं, शेवाळाचा थर धरतो, आणि उभं राहायला जागा उरत नाही. मग जेवणाची जागा राखलेली असूनही विसाव्याची हातची जाते, आणि पक्ष्याला दोन्ही लागतात, दिवसातून दोनदा.

परतताना खाडी काठोकाठ भरली होती. चिखल कुठे होता ते ओळखूही येत नव्हतं. पुढच्या चतुर्दशीला मी साडेदहाला होडीत नसेन, नेरुळच्या तळ्याकाठी असेन, दुर्बीण घेऊन.