सरासरी आठ क्विंटलची वाढ, जी एकाही गव्हाला मिळाली नाही

नत्र वाढवले तर गव्हाचे उत्पादन किती वाढेल, हा प्रश्न सरळ वाटतो. पण तो एवढाच विचारला तर त्याला उत्तर नाही. आपल्याकडच्या जुन्या उंच गव्हाला जादा नत्र दिले की तो आणखी उंच वाढे, ओंब्या भरल्या की भाराने आणि वाऱ्याने लोळे आणि हाताशी आलेला दाणा जाई. जपानच्या ‘नोरिन १०’ या जातीतला बुटकेपणा घेऊन कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेले गहू मात्र तेवढेच नत्र घेऊन ताठ उभे राहत. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आणले, त्यामागे हा गुण होता. नत्राचा फायदा किती, हे गव्हाची जात ठरवत होती.

हे आकड्यांत कसे दिसते ते पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत. उंच आणि बुटका अशा दोन जाती, कमी आणि जास्त अशा नत्राच्या दोन मात्रा, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीला तीन वाफे, आणि कोणत्या वाफ्यात काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. हेक्टरी क्विंटलमध्ये उत्पादन असे: उंच गहू, कमी नत्र: १८, २०, २२. उंच गहू, जास्त नत्र: १६, १८, २०. बुटका गहू, कमी नत्र: २०, २२, २४. बुटका गहू, जास्त नत्र: ३८, ४०, ४२.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणारा प्रयोगकर्ता इथे फसतो. तो नेहमीच्या उंच गव्हापासून सुरुवात करील आणि नत्र वाढवील. सरासरी २० वरून १८ वर येईल, म्हणून नत्र सोडून देईल. मग कमी नत्रातच जात बदलील. २० चे २२ होतील, म्हणून नवी जात थोडी बरी असे लिहील. ४० क्विंटल देणाऱ्या जोडीपर्यंत तो पोहोचणारच नाही. त्याने दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केले असतील, मोजमाप अचूक असेल, तरी निष्कर्ष चुकलेला असेल. म्हणून दोन्ही घटक एकाच प्रयोगात, सगळ्या जोड्यांनिशी घ्यायचे.

आता बारा आकड्यांचा हिशेब. त्यांची सरासरी २५ आहे. प्रत्येक आकडा २५ पासून किती दूर आहे ते काढून त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज केली की ९५६ येते. शेतात दिसणारी सगळी चढउतार या एका संख्येत आली. प्रचरण विश्लेषण, म्हणजे ‘अनोव्हा’, हिची वाटणी करते. उंच गव्हाची सरासरी १९, बुटक्याची ३१. या फरकाच्या वाट्याला ४३२ येतात. कमी नत्राची सरासरी २१, जास्तीची २९; त्याचे १९२. एकाच जोडीतल्या तीन वाफ्यांत जात आणि नत्र सारखेच असूनही जो फरक पडला, तो जमिनीचा, पाण्याचा, योगायोगाचा. त्याचे ३२. उरलेले ३०० ना एकट्या जातीच्या नावावर पडतात, ना एकट्या नत्राच्या. ते दोघांच्या संगतीचे आहेत. संख्याशास्त्रात त्याला परस्परक्रिया म्हणतात.

हे ३०० कुठून आले ते बघण्यासारखे आहे. बुटका गहू सरासरीपेक्षा ६ ने वर, जास्त नत्र सरासरीपेक्षा ४ ने वर. दोन्ही परिणाम नुसते एकमेकांत मिळवले तर बुटका गहू आणि जास्त नत्र या जोडीचे उत्पादन ३५ यायला हवे. आले ४०. उंच गहू आणि जास्त नत्राचे २३ यायला हवेत, आले १८. चारही जोड्यांत असा ५ चा फरक आहे, कुठे वर तर कुठे खाली. ५ चा वर्ग २५, गुणिले बारा वाफे, म्हणून ३००.

पण हा फरक नशिबाचा तर नाही? योगायोगाचे ३२ आठ स्वतंत्र फरकांतून आले आहेत (चार जोड्या, प्रत्येकीत तीन वाफ्यांमुळे दोन), म्हणून दर फरकी ४. परस्परक्रियेचा स्वतंत्र फरक एकच, म्हणून ३०० भागिले ४, म्हणजे ७५. हे ‘एफ’ गुणोत्तर. परस्परक्रिया मुळातच नसती, तर एवढ्या प्रयोगात हे गुणोत्तर ५.३२ च्या वर जाण्याची शक्यता शंभरात पाचच असती. इथे ते ७५ आहे. आणि म्हणूनच ‘नत्राने सरासरी ८ क्विंटल वाढ’ हे वाक्य गणिताने खरे असूनही शेतात निरुपयोगी आहे. उंच गहू २ ने घटला, बुटका १८ ने वाढला. आठची वाढ एकालाही मिळाली नाही.

‘एफ’ हे अक्षर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या सन्मानार्थ आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासूनच्या खत-प्रयोगांच्या नोंदी साठल्या होत्या. त्यांतून काही हाती लागते का हे पाहायला फिशर १९१९ मध्ये तिथे गेले. १९२३ मध्ये विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबत त्यांनी बटाट्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला: बारा जाती, शेणखत दिलेले आणि न दिलेले, शिवाय पालाशाचे (पोटॅशचे) वेगवेगळे प्रकार. त्यांचा प्रश्न नेमका परस्परक्रियेचाच होता: खताला प्रत्येक जात वेगळा प्रतिसाद देते का? जातींत फरक होता, खताचा परिणामही होता, पण जातीगणिक प्रतिसाद बदलतो असे आकडे म्हणत नव्हते. गव्हाच्या अगदी उलट. मला हे उत्तरही तितकेच मोलाचे वाटते, कारण मग खताची एकच शिफारस सगळ्या जातींना बिनधास्त करता येते.

त्याच लेखातली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहते. फिशर यांनी परिणामांची बेरीज आणि परिणामांचा गुणाकार, दोन्ही करून पाहिले आणि गुणाकार अधिक जुळला. खताने प्रत्येक जात समजा २० टक्के वाढली, तर १० चे १२ होतात आणि ३० चे ३६. क्विंटलमध्ये मोजले तर परस्परक्रिया दिसते, टक्क्यांत मोजले तर नाहीशी होते. कोणत्याही मापाने न पुसली जाणारी परस्परक्रिया वेगळी. आपल्या उदाहरणात उंच गहू घटतो आणि बुटका वाढतो. ही दिशाच उलटी आहे, ती माप बदलल्याने सरळ होत नाही.

प्रत्येक जोडीला एकच वाफा ठेवला असता तर हा हिशेब अडला असता. तेव्हा परस्परक्रिया आणि योगायोग एकाच गाठोड्यात राहतात, वेगळे करता येत नाहीत. जागा किंवा पैसा वाचवायचा म्हणून पुनरावृत्ती कापली जाते, तेव्हा नेमका सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हातचा जातो.

महाराष्ट्रात कृषी पदवीधरांना हे सारे ‘पानसे-सुखात्मे’ या जोडनावाने माहीत आहे. त्यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले, आणि त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांत अशा वाटणीचा तक्ता हमखास असतो, त्यात दोन्ही घटकांच्या ओळी वर आणि परस्परक्रियेची त्यांच्या खाली. वाचताना आधी परस्परक्रियेची ओळ पाहावी. तिथले गुणोत्तर मोठे असेल तर वरच्या दोन ओळींतल्या घटकांच्या एकेकट्या सरासऱ्या बाजूला ठेवाव्यात आणि प्रत्येक जोडीचे उत्पादन वेगवेगळे वाचावे.