रडारला विमान नेमकं दिसत नव्हतं

१९४० च्या ब्रिटनच्या लढाईत जर्मन विमानं कुठे आहेत ते रडारवर नेमकं दिसायचं, असं अजूनही सांगतात. तसं नव्हतं. ‘चेन होम’ म्हणजे ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांची साखळी. या केंद्रांना विमानाचं अंतर चांगलं कळे. दिशा मात्र ढोबळ, उंची आणि संख्या तर बरेचदा चुकायची. खरी कसोटी लागे बेंटली प्रायरीच्या, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयाच्या, फिल्टर रूममध्ये. केंद्रांकडून आलेली माहिती तिथे पडताळली जाई. शेजारच्या दोन केंद्रांनी दिलेल्या अंतरांच्या त्रिज्येने काढलेले वर्तुळाचे कंस नकाशावर जिथे छेदतील, तिथे विमान धरायचं. दिशेवर फारसं विसंबायचं नाही. नकाशाच्या टेबलाभोवती रंगीत चकत्या मांडत तरुण मुली उभ्या असत. त्यांचा उल्लेखही होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. किनारा ओलांडून आत शिरलेल्या विमानांसाठी तर भिस्त जमिनीवरून आकाशावर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकांच्या डोळ्यांवर आणि कानांवरच होती.