पोटातल्या गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो?

"गाठीला हात लावू नका, तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो" हा मेसेज इथे नाशिकमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर किती वर्षं फिरतोय, आणि भीती वाटणारच हो, घरचं माणूस असतं. पण जठराची बायोप्सी म्हणजे एंडोस्कोपीच्या नळीतून चिमट्याने काढलेले तांदळाच्या कणीएवढे तुकडे. जठरातली गाठ कधीकधी लिम्फोमाची असते. लिम्फोमा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, त्या पेशी तशाही रक्तातून फिरतच असतात, चिमट्याने तो पसरत नाही. पसरलेला बऱ्याचदा आधीपासूनच असतो, कळतो तपासणीनंतर, म्हणून दोष बायोप्सीवर येतो.

आणि तुकड्याशिवाय कळणार कसं? पोटदुखी, भूक मरणं, वजन उतरणं, काळी शी, अल्सरमध्येही हेच आणि लिम्फोमातही हेच. उपचार मात्र पार वेगळे. जठराचा माल्ट लिम्फोमा हा संथ वाढणारा प्रकार, त्यात एच. पायलोरी जंतू सापडला आणि आजार जठरापुरताच असला तर साधारण 14 दिवसांच्या अँटिबायोटिक्सच्या कोर्सनेच बहुतेकांचा आजार हटतो, फक्त वेळ लागतो, कधी वर्षभरही. झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारालाही केमोने बरेच जण बरे होतात, जठर काढावं लागतंच असं नाही.

खात्री करायची तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घ्या, "लिम्फोमा" लिहिलंय का "अ‍ॅडेनोकार्सिनोमा" (जठराच्या आतल्या अस्तरातून होणारा, जास्त आढळणारा कॅन्सर) ते बघा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा, प्रकार कुठला, एच. पायलोरी तपासला का.