चॅटकथेतले दोन विलंब: ‘टायपिंग…’चा थांबा आणि सहा तासांची प्रतीक्षा

चॅटकथा म्हणजे फोनवर चॅटच्या संदेशांतून उलगडणारी, वाचकाला उत्तरे निवडू देणारी कथा. तिच्या संहितेत प्रत्येक संदेशापुढे, तो किती उशिराने यावा हे सांगणारा ‘विलंब’ नावाचा एकच रकाना असतो. त्यात कधी २ लिहिलेले असते, कधी २१,६००. दोन्ही आकडे सेकंदांचेच, म्हणून दोन्ही एकाच जातीचे वाटतात आणि तिथेच घोटाळा होतो. दोन सेकंद पात्राला टाइप करायला लागतात आणि वाचक ते बघत असतो. सहा तास वाचकाच्या दिवसातले असतात. त्या वेळात त्याने फोन खिशात टाकावा आणि आपल्या कामाला लागावे. वाचक समोर आहे की नाही, यावरून पुढचे सगळे ठरते. पहिल्याला थांबा म्हणू, दुसऱ्याला प्रतीक्षा.

थांब्याचे दोन भाग असतात. आधीचा संदेश वाचून होईपर्यंत पडदा स्वस्थ हवा, मग पात्र टाइप करत असल्याची ‘टायपिंग…’ची टिंबे हलू लागावीत. वाचनासाठी आधीच्या संदेशातल्या दर शब्दाला पाव सेकंद धरावा. टिंबांसाठी ०.८ सेकंद, वर पुढच्या संदेशातल्या दर शब्दाला ०.१, आणि जास्तीत जास्त ३.५ सेकंद. इतक्या वेगाने कोणी टाइप करत नाही हे उघड आहे, पण खऱ्या वेगाने लांब संदेशाला अर्धा मिनिट लागेल. टिंबे हा नाटकातल्यासारखा संकेत आहे आणि वाचक तो मान्य करतो. इंग्रजीसाठी लिहिलेली, अक्षरे मोजणारी सूत्रे मात्र मराठीला जशीच्या तशी लावू नयेत. ‘क्षितिज’ डोळ्याला तीन अक्षरांचे दिसते, पण जावास्क्रिप्ट ही वेबची प्रोग्रामिंग भाषा त्यात सात मोजते: हलन्त आणि वेलांट्या वेगळ्या धरल्या जातात. मराठी पात्र विनाकारण मंद वाटते ते यामुळे. शब्द मोजणे सोपे आणि पुरेसे आहे.

सूत्र हा पाया झाला. नाट्य ते मोडण्यात आहे. ‘तू घरी सांगितलंस?’ यावर चार सेकंद टिंबे आणि मग नुसते ‘हो.’ आले, की वाचकाला कळते की मोठे काहीतरी लिहून खोडले गेले. टिंबे सुरू होऊन बंद पडणे आणि पुन्हा सुरू होणे हा प्रकारही असाच जोरकस आहे, पण एका भागात तो एकदाच वापरावा. दुसऱ्यांदा केला तर नेटवर्क अडकल्यासारखे वाटते.

टॅप करून थांबा ओलांडता आलाच पाहिजे. भरभर वाचणारे असतात, दुसऱ्यांदा खेळणारे असतात, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यांना टिंबांचा काही उपयोग नसतो. फक्त उत्तराचे पर्याय पडद्यावर आल्यावर साधारण ३०० मिलिसेकंद टॅप निकामी ठेवावा. नाहीतर घाईत टॅप करणाऱ्याच्या बोटाखाली ‘तिला सोडून पळ’ हा पर्याय येतो आणि कथा तिकडे जाते.

प्रतीक्षेचा ठळक नमुना म्हणजे २०१५ चा ‘लाइफलाइन’ हा मोबाइल खेळ. अनोळखी चंद्रावर अडकलेला टेलर चालायला निघतो, झोपतो, आणि तेवढा वेळ खरोखर गप्प असतो. ते सहन होते, कारण जाण्याआधी तो कुठे जातोय हे सांगतो. प्रतीक्षेपूर्वी तीन गोष्टी लागतात: कारण, अंदाजे वेळ आणि एक लोंबकळता प्रश्न. कारण वेळेला शोभले पाहिजे. ‘करबुड्याच्या बोगद्यात शिरतोय, रेंज जाईल’ म्हणून पात्र सहा तास गायब झाले, तर कोकण रेल्वेने जाणारा वाचक हसेल. बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे आणि गाडी त्यातून काही मिनिटांत बाहेर पडते.

मग तेवढीच काही मिनिटे ठेवावीत का? तीही नकोत. साधारण दहा सेकंद ते पंधरा मिनिटे हा पट्टा सर्वांत वाईट. एवढा वेळ बघत राहणे कंटाळवाणे होते आणि फोन ठेवून दुसरे काम करायला तो पुरत नाही. वाचक ॲप बंद करतो, तो बहुधा कायमचा. बोगदा हवाच असेल तर सहा सेकंद कोरा पडदा ठेवावा, पाठवलेल्या संदेशावर एकच टिक ठेवावी, आणि पुढच्या संदेशाचा वेळशिक्का, म्हणजे त्याच्याशेजारी दिसणारी वेळ, सहा मिनिटांनंतरचा दाखवावा.

तांत्रिक चुकाही याच गल्लतीतून होतात. थांब्याला स्मृतीतला, म्हणजे ॲप उघडे असेपर्यंतच चालणारा टायमर चालतो. प्रतीक्षेला तो अजिबात चालत नाही. ट्वाइन हे अशा कथा लिहिण्याचे साधन आहे; त्याच्या शुगरक्यूब या प्रकारातला ‘टाइम्ड’ मॅक्रो (मजकूर उशिराने दाखवणारी तयार आज्ञा) थांब्यासाठी उत्तम आहे. त्यात सहा तास घातले, तर दुसऱ्या पॅसेजवर (कथेच्या तुकड्यावर) जाताच तो रद्द होतो आणि पान रिफ्रेश केले की पहिल्यापासून मोजू लागतो. प्रतीक्षेसाठी ‘अमुक क्षणी उघडेल’ असा यूटीसी (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) वेळशिक्का साठवावा आणि ॲप उघडताना आत्ताच्या वेळेशी ताडून पाहावा. सूचना, म्हणजे फोनवर येणारे नोटिफिकेशन, ही फक्त हाक. तिच्यावर कथा अवलंबून ठेवू नये. अँड्रॉइड १३ पासून सूचनांना वाचकाची परवानगी लागते, बॅटरी वाचवण्यासाठी फोन अलार्म (ठरल्या वेळी ॲपला जागे करण्याची नोंद) पुढे ढकलू शकतो, आणि फोन बंद करून सुरू केला की ठरवलेले अलार्म पुसले जातात. सूचनेत पात्राचे वाक्य असावे: ‘आहेस का? मी बाहेर आले.’ ‘तुमची कथा तुमची वाट पाहत आहे’ ही जाहिरात झाली.

सर्वांत जास्त दिसणारी चूक वाचक परत येतो तेव्हाची. पात्राने दुपारी २, ३ आणि ४ ला संदेश पाठवले आणि वाचकाने ॲप रात्री ९ ला उघडले. पुष्कळ कथांत आता टिंबे हलतात आणि दुपारचे संदेश एकेक करून ‘टाइप’ होऊ लागतात, शेजारी वेळ मात्र दुपारची! साचलेले संदेश एकदम, टिंबांशिवाय, आपापल्या वेळेसह दिसले पाहिजेत. टिंबे पहिल्या ताज्या संदेशापासून सुरू करावीत. शिवाय वाचक दोन दिवसांनी आला तर पात्राला ते माहीत असावे. प्रतीक्षा संपण्याची साठवलेली वेळ आणि आत्ताची वेळ यांतले अंतर २४ तासांहून जास्त असेल तर एखादी वेगळी ओळ पुरते: ‘काल दिवसभर काही कळवलं नाहीस.’

‘सहा तासांनी’ आणि ‘रात्री ११ ला’ हेही संहितेतले दोन वेगळे आदेश आहेत. पहिला पुण्यात आणि न्यू जर्सीत सारखाच चालतो. दुसऱ्यासाठी वाचकाचे स्थानिक घड्याळ लागते, आणि अमेरिकेत ते वर्षातून दोनदा तासभर सरकते. २०१६ च्या ‘मिस्टिक मेसेंजर’ या मोबाइल खेळामध्ये चॅट ठरलेल्या घड्याळी वेळांना उघडतात आणि वेळ हुकली की सहभाग हुकतो. ज्याला रात्रपाळी आहे त्याच्यावर हा अन्याय आहे. तासांचे अंतर वापरावे, आणि प्रतीक्षा रात्री १ ते ६ च्या मध्ये संपत असेल तर ती सकाळी ७ वर ढकलावी.

प्रतीक्षा पहिल्या वाचनात ओलांडू देऊ नये, असे आमचे मत आहे. सगळे लगेच मिळाले तर वाट पाहण्यातला ताण राहत नाही. ‘लाइफलाइन’मध्ये एकदा शेवटाला पोचल्यावर जलद पर्याय खुला होतो आणि ती सोय रास्त आहे. चाचणीत वेळ आखडण्यासाठी मात्र दोन वेगळे गुणक ठेवा, एक थांब्यांसाठी आणि एक प्रतीक्षेसाठी. सहा तास सहा सेकंदांवर आणायला ३,६०० ने भागावे लागते. तोच भागाकार थांब्यांना लागला की ते शून्यावर जातात, आणि ‘हो.’पूर्वीची चार सेकंदांची टिंबे नीट बसलीत की नाही हे तपासताच येत नाही.