शाब्ली, रिझलिंग आणि सोव्हिन्यों ब्लाँ नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून शाब्ली, रिझलिंग किंवा नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ अशी पांढरी वाइन नेलेले ग्राहक पुष्कळदा दोन-चार दिवसांत बाटली परत आणतात. तक्रार बहुधा एकच असते: वाइन आंबली आहे आणि तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे जमले आहेत. चौकशी केली की बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये होती असे कळते. वाइनमध्ये मात्र सहसा काहीही दोष नसतो.

जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे बाटली लवकर गार करण्याची घाई आम्ही समजू शकतो. परंतु फ्रीजरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते, आणि द्राक्षात मुळातच असलेले टार्टारिक आम्ल अशा थंडीत पोटॅशियमशी संयोग पावून स्फटिकरूपाने खाली बसते. घरी केक करणाऱ्यांकडील क्रीम ऑफ टार्टार म्हणजे याच क्षाराची पूड होय. त्यापासून अपाय नाही. बाटली काही वेळ उभी ठेवून वाइन हळू ओतली, तर खडे तळाशीच राहतात. काही वायनरी बाटल्या भरण्यापूर्वी वाइन शून्याखाली थंड करून हे खडे आधीच पाडून घेतात, काही तसे करत नाहीत, आणि आम्ही दोन्ही प्रकारचा माल ठेवतो, कारण खडे न दिसणे ही काही चांगल्या वाइनची खूण नव्हे.

खरे नुकसान चवीचे होते. अतिथंड वाइनचा गंध दबतो, आंबटपणा मात्र दबत नाही, म्हणून जिभेवर नुसती करकरीत आंबट धार उरते आणि ग्राहकाला पैसे वाया गेल्यासारखे वाटते. सोव्हिन्यों ब्लाँ आणि रिझलिंग ८ ते १० अंशांवर, तर शाब्ली १० ते १२ अंशांवर चाखावी. त्यासाठी बाटली फ्रीजच्या साध्या कप्प्यात तीन तास ठेवून ओतण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढावी. फारच घाई असेल, तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून तीत बाटली वीस मिनिटे बुडवावी. ग्लासात बर्फ टाकू नये. आपल्याकडील उन्हाळ्यात ग्लास लगेच तापतो, म्हणून एका वेळी थोडीच ओतावी. घोट क्षणभर तोंडात फिरवून गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटले, तर ते सजीव आम्लतेचे लक्षण समजावे.

या वाइनमधील दगडी, खनिजासारख्या छटेविषयीही विचारणा होते. फ्रान्समधील शाब्लीचे शार्दने द्राक्ष सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या, बारीक कालवांचे शिंपले असलेल्या चुनखडीयुक्त जमिनीत पिकते आणि जर्मनीतील मोझेलच्या रिझलिंगच्या मळ्यांत पाटीचा दगड असतो, हे खरे आहे. तरीही मुळांवाटे दगडाची चव ग्लासात येत नाही, असे ॲलेक्स माल्टमन यांच्यासारखे भूवैज्ञानिक सांगतात. आमचा अनुभव असा, की फळाचा गोडसर वास कमी आणि आम्ल भरपूर असलेल्या वाइनमध्ये, पहिल्या सरीनंतर तापलेल्या काळ्या फत्तरातून उठणाऱ्या वासासारखे काही तरी जाणवते. वाइन फ्रीजरमधून काढून लगेच ओतली, तर नेमके तेच हरवते.

चाखण्यापूर्वी पान, बडीशेप आणि चहा टाळावा. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीसोबत कोरडी शाब्ली उघडण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही, कारण तिखटापुढे आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही झोंबतात. शेवभाजीबरोबर किंचित गोडसर रिझलिंग न्यावी. भरीत-पुरीशी मात्र सोव्हिन्यों ब्लाँ चांगली जमते, आणि भरिताच्या हंगामात आम्ही ती मुद्दाम जास्त मागवतो.

आमचे दर थोडे चढे वाटतात, हे आम्ही ऐकून आहोत. संपूर्ण साठा बारमाही वातानुकूलित खोलीत ठेवण्याचा खर्च त्यात आहे. दुपारी बाटली नेणाऱ्यांनी थर्माकोलचा डबा मागून घ्यावा आणि ती बंद गाडीत ठेवून इतर खरेदीला जाऊ नये.

वाइनला व्हिनेगरचा, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल, तर तो खरा दोष आहे. अशी बाटली किमान तीन चतुर्थांश भरलेली, बुचासह आणि बिलासह आणल्यास आम्ही ती बदलून देऊ. केवळ खड्यांसाठी बाटली बदलून मिळणार नाही.